उताराच्या टोकाला

सांडपाणी हा वार्षिक अंकात लिहिण्याचा विषय नव्हे, असे माझ्या मैत्रिणींचे एकमुखी मत पडले. पावसावर लिही, आईवर लिही, गेला बाजार परीक्षेवर काही विनोदी तरी लिही, असा सल्ला मिळाला. ग्रंथालयात बसून मी मागचे अंक चाळले, तेव्हा त्यांचे म्हणणे खरे निघाले. आपल्या अंकांतून पाऊस भरपूर पडलेला आहे. पण तोच पाऊस कौलांवरून अंगणात उतरतो, मोरीच्या तोंडाशी येतो, खरकट्याचे नि साबणाचे पाणी सोबत घेऊन गटाराला लागतो, आणि मग मात्र कोणी कवी त्याच्याकडे ढुंकून पाहत नाही. मी त्या पाण्याला कळू लागल्यापासून ओळखते. ते आमच्या दारावरून जाते.

आमचे गाव एका टेकाडाच्या उतारावर वसलेले आहे. वर देऊळ, त्याच्या भोवती वाडे आणि पेठ. मध्ये शाळा आणि पंचायत. सर्वांत खाली ओढ्याच्या काठाला आमची वस्ती. ही मांडणी अशीच का झाली हे मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नसावी. पाणी उताराकडे वाहते हा नियम गुरुजींनी शाळेत फळ्यावर बाण काढून शिकवला, तेव्हा वर्गातल्या आम्हा चार-पाच पोरांना त्यात नवल वाटले नाही. गावातल्या शंभरेक घरांचे पाणी दोन गटारांतून आमच्याकडे येते. दिवाळीत त्याला उटण्याचा वास असतो, लग्नसराईत त्यावर तेलाचा तवंग असतो. कोणाच्या घरी पाहुणे आले, कोणाकडे गोड झाले, हे आम्हाला निमंत्रणाशिवाय कळते.

उलट नळाचे पाणी. त्याची टाकी वर देवळाशेजारी आहे आणि नळ खाली येता येता वरच्या घरांच्या मोटारी त्यातले पाणी ओढून घेतात. त्यामुळे आमच्याकडे चांगले पाणी चार दिवसांनी येते नि घाण पाणी रोज येते. धाकट्या भावाला डेंग्यू झाला तेव्हा सगळे गटाराला दोष देत होते. आरोग्यसेविकेने मात्र आमचे पाण्याचे पिंप उघडून आतल्या अळ्या दाखवल्या. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. गटारात वाढतो तो दुसरा. म्हणजे डबक्याचे डास निराळे, चार दिवसांच्या साठवणीचे निराळे, आणि दोन्ही आमच्याच वाट्याला.

आता आमच्या मोरीविषयी. मोरीचे पाणी भिंतीतल्या भोकातून घरामागे जाते. तिथे आजीने अळू, कर्दळ आणि एक केळ लावलेली आहे. हे काही फार मोठे शास्त्र आहे असे आमच्या घरात कोणाला कधी वाटले नाही. निम्म्या महाराष्ट्राच्या घरामागे असेच असते. पण आजीचे काही नियम होते. ती पाणी सरळ अळवात सोडत नसे. भोकाखाली तिने एक फुटका रांजण अर्धा पुरला होता. पाणी आधी त्यात पडे, खरकटे खाली बसे, मग वरचे पाणी वाफ्यात जाई. रांजणातला गाळ ती दर पंधरवड्याला उकिरड्यावर टाकी. “पान्याला जरा बसू द्यावं, मग ते आपसूक निवळतं,” असे ती म्हणे. भांडी राखेने घासली जात तोवर अळवाची पाने सुपाएवढी होत. भांड्यांची पावडर घरात आली तशा पानांच्या कडा करपू लागल्या. तेव्हापासून पावडरीचे पहिले पाणी आजी बाजूला ओतू लागली. ती कधी शाळेत गेली नव्हती. तिचा तो फुटका रांजण आणि मी पुढे पुस्तकात पाहिलेली ‘निवळण टाकी’ यांत आकाराखेरीज फारसा फरक नाही, हे मात्र मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आल्यानंतरच म्हणू शकते.

झाले असे, की भूगोलाच्या तासाला सरांनी पाणथळ जमिनींचा विषय काढला. इराणमध्ये कास्पियन समुद्राकाठी रामसर नावाचे गाव आहे. तिथे १९७१ साली पाणथळ जागांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला, म्हणून त्या यादीतल्या जागांना ‘रामसर स्थळ’ म्हणतात. आपल्याकडची नांदूर मध्यमेश्वर, लोणार आणि ठाण्याची खाडी ही नावे सरांनी फळ्यावर लिहिली, आम्ही उतरवून घेतली. पण ते खरे रंगले ते कोलकात्यावर. २००२ साली या यादीत गेलेली पूर्व कोलकात्याची पाणथळ जमीन सुमारे साडेबारा हजार हेक्टरांची आहे, आणि तिथली कित्येक तळी शहराच्या सांडपाण्याने भरलेली आहेत. त्या तळ्यांत मासे वाढवतात आणि ते मासे तेच शहर खाते! वर्गात ‘ईऽऽ’ असा एक सामुदायिक उद्गार उठला. मी तो उच्चारला नाही. मला घरामागचे अळू आठवले.

त्यानंतर दोन महिने मिळेल ते वाचत राहिले. जे कळले ते सांगते.

कोलकाता हुगळी नदीच्या काठी आहे, पण तिथल्या जमिनीचा उतार नदीकडे नाही. तो उलट पूर्वेला, खाऱ्या दलदलीकडे आहे. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात गटारे बांधली तेव्हा मैला पूर्वेकडेच सोडला. तिकडे विद्याधरी नावाची भरती-ओहोटीची नदी होती. ती हळूहळू गाळाने भरली आणि १९२८ च्या सुमारास तिला मृत ठरवण्यात आले. समुद्राचे खारे पाणी यायचे थांबले. खाऱ्या पाण्यातल्या मासळीवर जगणाऱ्यांचा धंदा बसला. अशा वेळी तिथल्या मच्छीमारांनी शहराचे सांडपाणीच तळ्यांत घ्यायला सुरुवात केली. ही युक्ती एखाद्या आयोगाने सुचवलेली नव्हती. नदी मेली, पोट मात्र शिल्लक होते. त्यातून ती निघाली.

या तळ्यांना बंगालीत ‘भेरी’ म्हणतात. भेरी उथळ असते. कंबर-छातीएवढे पाणी, क्वचित त्याहून थोडे अधिक. थंडीच्या दिवसांत ती रिकामी करतात, तळ उन्हात वाळू देतात, गाळ उपसून बांध नीट करतात, चुना टाकतात. मग कालव्यातून सांडपाणी आत घेतात आणि काही आठवडे त्याला तसेच राहू देतात. (आजीचे ‘बसू द्यावं’ ते हेच.) माणसे पाण्यात उतरून ते ढवळतात. पाण्याचा रंग काळ्यावरून हिरव्यावर आला, वास गेला, की त्यात माशांचे बोटुकले सोडतात: रोहू, कटला, मृगळ, तिलापिया. पुढे थोडे थोडे सांडपाणी आत घेत राहायचे. ते किती घ्यायचे हे तिथला जाणता माणूस पाण्याचा रंग पाहून, वास घेऊन, कधी चव घेऊनही ठरवतो. काठाने जलपर्णी बांबूंनी अडकवून ठेवलेली असते. आपल्याकडे जी जलपर्णी नद्यांचा गळा आवळते म्हणून काढून टाकण्याच्या मोहिमा निघतात, तीच तिथे लाटांपासून बांध राखते आणि पाण्यातले जड धातू मुळांत धरून ठेवते. मासे पोसून झालेले पाणी पुढे भाताच्या खाचरांना जाते. आणि शहराचा कचरा जिथे टाकत आले त्या धापा भागात फ्लॉवर आणि पालेभाज्या पिकतात.

हे होते कसे, ते मी कला शाखेची असले तरी समजून घेतले, आणि मला ते विज्ञानाच्या मैत्रिणींनी सांगितले त्याहून सोपे वाटले. सांडपाण्यात घाण म्हणजे मुख्यतः अन्नच असते. आपण न खाल्लेले, किंवा खाऊन टाकलेले. जिवाणू ते खातात, पण त्यासाठी त्यांना प्राणवायू लागतो. खाणारे फार आणि प्राणवायू थोडा, अशी गत झाली की पाणी सडते, काळे पडते, वास मारते. आमच्या गटारात रोज घडते ते हे. मोठ्या शहरांच्या शुद्धीकरण केंद्रांत विजेवर चालणारी यंत्रे पाण्यात हवा घुसळतात आणि प्राणवायू पुरवतात. उथळ तळ्यात तेच काम शेवाळ करते. ऊन तळापर्यंत पोचले की सूक्ष्म शेवाळ वाढते, दिवसभर प्राणवायू सोडते, तो जिवाणू घेतात. जिवाणू घाण फोडून जे कर्बवायू नि क्षार मोकळे करतात, ते शेवाळ घेते. दोघांचे एकमेकांवाचून चालत नाही. शेवाळ माजू नये म्हणून मासे ते खातात. भर दुपारी शेवाळ पाण्यातला कर्बवायू इतका ओढून घेते की पाणी अल्कधर्मी होते. त्याने आणि उन्हाने रोगजंतू मरतात. रात्री मात्र शेवाळही प्राणवायू घेऊ लागते. म्हणून पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडझाप करताना दिसले की भेरीवाल्याला कळते, पाणी जास्त झाले.

यात आपल्या नागपूरचाही वाटा आहे, हे वाचून बरे वाटले. १९५८ साली नागपुरात सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था निघाली. १९७४ मध्ये तिचे नाव बदलून ‘नीरी’ झाले. या संस्थेने आपल्या देशातल्या उन्हाचा हिशेब धरून अशी तळी कशी बांधावीत याचा अभ्यास केला, आणि आर्सीवाला व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये त्यावर पुस्तकच सिद्ध केले. थंड देशांना तळ्याचे हे सुख तितके नाही. तिकडे कॅथे झायडेल या जर्मन विदुषीने १९५० च्या दशकात बोरूसारख्या पाणवनस्पतींवर प्रयोग केले. त्यांतून पुढे खडीत लव्हाळ्यासारख्या वनस्पती लावून त्यांच्या मुळांतून पाणी झिरपवण्याची पद्धत आली. तीत पाणी खडीच्या खालून वाहते, वर दिसतच नाही. त्यामुळे डासांना जागा नाही. आपल्याकडे अशा वाफ्यात कर्दळ, पाणकणीस, वेखंड लावतात. खरे काम मुळांना चिकटलेले जिवाणूच करतात. झाड त्यांना आसरा देते नि थोडाफार प्राणवायू पुरवते.

या पद्धतींना मर्यादा आहेत, आणि त्या सांगितल्या नाहीत तर मी जाहिरात लिहिते आहे असे होईल. पहिली म्हणजे जागा. विजेच्या ऐवजी ऊन वापरायचे तर उन्हाला पसरायला जमीन लागते. दुसरी, कारखान्यांचे पाणी. जिवाणू अन्न खातात, धातू खात नाहीत. कातडी कमावण्याच्या धंद्यातले क्रोमियम तळ्यात आले तर ते नाहीसे होत नाही, गाळात बसते. तिसरी मर्यादा हीच, गाळ. तिच्याकडे मी पुढे येणार आहे.

कोलकात्याला आपल्याजवळ काय आहे हे फार उशिरा कळले. ध्रुवज्योती घोष नावाचे सरकारी अभियंते १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, शहराचे सांडपाणी शेवटी जाते कुठे, याचा शोध घेत कालव्याच्या काठाने गेले तेव्हा त्यांना हा सगळा कारभार दिसला. नकाशे त्यांनी काढले, जगाला त्यांनी सांगितले. १९९० साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा ‘ग्लोबल ५००’ सन्मान त्यांना मिळाला. २०१८ मध्ये ते वारले. मला त्यांच्याविषयी विशेष आदर वाटतो तो एका गोष्टीसाठी. ही विद्या आपली नव्हे, इथल्या मच्छीमारांची नि शेतकऱ्यांची आहे, हे ते सांगत राहिले. एवढ्या शिकलेल्या माणसाने असे म्हणणे सोपे नसते. आमच्या पंचायतीत दहावी नापास माणूसही आण्णांचे म्हणणे पुरे ऐकून घेत नाही.

तोवर त्या दलदलीचा मोठा भाग भरून तिच्यावर विधाननगर वसले होते. पुढे व्यापार केंद्रासाठी आणखी जमीन मागण्यात आली, तेव्हा ‘पब्लिक’ या नावाने ओळखली जाणारी नागरिकांची संस्था न्यायालयात गेली. १९९२ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने या जमिनीचा वापर बदलू नये असा निकाल दिला. २००६ मध्ये राज्याने तिच्यासाठी स्वतंत्र कायदा केला. तरीही भरणी थांबलेली नाही. शहराच्या कडेची जमीन म्हटली की तिच्यात मासे किती पिकतात यापेक्षा तिच्यावर मजले किती चढतील हा हिशेब आधी होतो.

इथे मला एका शब्दाचे भांडण मांडायचे आहे. या विषयावरचे लेख वाचताना ‘निसर्ग हे काम फुकट करतो’ असे वाक्य हमखास भेटते. सरांनीही तासाला ते म्हटले. सरांविषयी पूर्ण आदर ठेवून मी म्हणते की हे अर्धे खरे आहे. ऊन फुकट आहे, शेवाळ फुकट आहे. पण थंडीत गुडघाभर गाळात उभे राहून तळ उपसणारा माणूस निसर्ग नव्हे. सांडपाणी ढवळायला छातीइतक्या पाण्यात उतरणारा निसर्ग नव्हे. कोलकात्याचे कोट्यवधी रुपये वाचले असे सांगतात. ते ज्यांच्या अंगावर वाचले त्यांची कातडी कशी होते, नखे कशी होतात, हे त्या लेखांतून मला सापडले नाही. मला ते आण्णांच्या पायांवरून माहीत आहे.

आण्णा पूर्वी रोजंदारीवर गटारे काढायला जात. पंचायतीकडून निरोप येई; पावसाळ्याआधी, यात्रेआधी, मंत्री येणार असतील तर त्याआधी. फावडे स्वतःचे, बूट नाहीत. संध्याकाळी ते ओढ्यावर अंघोळ करून मगच घरात येत आणि त्या दिवशी भाकरी चमच्याने कुस्करून खात. आता ते वीटभट्टीवर जातात. गटाराचे काम त्यांनी सोडले तेव्हा घरात दोन पैसे कमी झाले. पण ते पुन्हा त्या कामाला गेले नाहीत, आणि आम्हाला त्यांनी त्याचे कारण सांगितले नाही.

यंदा आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर योगायोगाने आमच्याच गावी पडले. विषय ठरला सांडपाणी. पंचायतीचा बेत असा होता, की दोन्ही गटारे सिमेंटची करायची, म्हणजे पाणी कुठे तुंबणार नाही, झरझर वाहून जाईल. कुठे जाईल, हे कोणी विचारले नाही. मी विचारले. जिथे आजवर मुरत-साचत संध्याकाळी येते तिथे ते सकाळीच येईल, इतकाच त्याचा अर्थ होता.

भूगोल इथे कामाला आला. सरांबरोबर आम्ही गावात सहा ठिकाणी खड्डे घेऊन त्यांत पाणी ओतले आणि घड्याळ लावून बसलो. वरच्या भागात मुरूम आहे. पाणी बघता बघता जिरले. आमच्याकडे ओढ्याकाठची काळी जमीन. दुसऱ्या दिवशीही खड्ड्यात आभाळ दिसत होते. म्हणजे वरच्या घरांनी घरोघरी शोषखड्डे केले तर त्यांचे पाणी तिथल्या तिथे मुरेल. (फक्त विहिरीपासून दूर हवेत, नाही तर तेच पाणी पुन्हा घागरीत यायचे.) खाली शोषखड्डा चालणार नाही, तिथे खडीचा वाफाच हवा. मी वहीत हिशेब केला. उन्हाळी मुलखात मोरीच्या पाण्याला माणशी एखादा-दुसरा चौरस मीटर वाफा लागतो. सगळ्या साडेचारशे माणसांचे पाणी खाली आणले तर साडेचार ते नऊ गुंठे जमीन हवी. पन्नास घरांनी शोषखड्डे केले, तर उरलेल्या दोनशे माणसांना दोन ते चार गुंठे पुरतात. तेवढी पडीक गावठाणात आमच्या वस्तीला लागून आहे. एक अडचण उरली, आणि ती कागदावर मांडायला अवघड होती. गावातल्या चार-पाच घरांनी संडासाच्या टाकीचे तोंड गुपचूप गटारात काढलेले आहे. ते बंद झाल्याखेरीज मोरीच्या पाण्याचा वाफा टिकत नाही. ती घरे कोणती हे सर्वांना ठाऊक आहे. शिबिराच्या अहवालात ‘काही घरे’ असा उल्लेख झाला.

शिबिरात वरच्या आळीला अकरा शोषखड्डे झाले. माझ्या वर्गातल्या मुलामुलींनी खणले, आणि खरोखर मनापासून खणले. हाताला फोड आले तरी कोणी कुरकुर केली नाही. वाफ्याचा नकाशा २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठेवायचे ठरले. मांडणार मी.

मी मांडला. कोलकात्याचे सांगितले, नागपूरचे सांगितले, कर्दळीची फुले किती छान दिसतील तेही सांगितले. लोकांनी ऐकले. सरपंच म्हणाले, “पोरगी हुशार आहे.” मग मागच्या बाजूला, जिथे आमची माणसे बसतात तिथून, आण्णा उभे राहिले. ग्रामसभेत ते बोलल्याचे मला आठवत नाही.

“वाफ्याच्या आदी ती टाकी हाय न्हवं, गाळ बसायची,” ते म्हणाले. “ती कोन उपसनार?”

कोणी काही बोलले नाही. मग एक जण हसत म्हणाला, “तुमच्याच दारात होणार की ती.”

“म्हनूनच इचारतोय,” आण्णा म्हणाले आणि खाली बसले.

नकाशात निवळण टाकी होती, तिची लांबी-रुंदी होती, दर दोन-तीन महिन्यांनी गाळ काढावा हेही मी व्यवस्थित लिहिले होते. ‘काढावा’ या क्रियापदाला कर्ता नव्हता. मराठीच्या तासाला आपण कर्मणी प्रयोग शिकतो. त्यात कर्ता बाजूला राहतो आणि क्रियापद कर्माप्रमाणे चालते. सरकारी कागदांना तो प्रयोग फार आवडतो. गटार काढले जाते, गाळ उचलला जातो, परिसर स्वच्छ ठेवला जातो. ठेवणारा कुठेच नाही. आण्णांनी त्या सभेत कर्ता विचारला.

कोलकात्याच्या भेरीवाल्याची नि आमची गोष्ट इथे वेगळी होते. तो सांडपाण्यात उतरतो, पण मासा त्याच्या जाळ्यात येतो. पाणी किती घ्यायचे हे तो ठरवतो. तळे धोक्यात आले तर भांडायला तो उभा राहतो. त्याची मजुरी कमी असेल, भेरीचा मालक दुसराच असेल, तरी त्याच्या हातात एक विद्या आहे आणि शहराला तिची गरज आहे. आमच्या वाफ्यात नुसता गाळ आमचा आणि फुले गावाची, असे होणार असेल तर कर्दळीने वासात फरक पडेल, बाकी कशात पडणार नाही. तरी मला तो वाफा हवा आहे, हेही मी लिहून ठेवते. वस्तीतली काही वडीलधारी माणसे म्हणतात, नको ते झंगट, आहे ते गटार बरे. मला ते पटत नाही. आहे ते गटार माझ्या भावाच्या खाटेपासून चार पावलांवर आहे.

सभेनंतर घरी आण्णांनी माझी वही मागितली. त्यांना वाचता येते, पण सावकाश. हिशेबाच्या पानावर बोट ठेवून ते बराच वेळ बसले. मग म्हणाले, “हे चार गुंठं बरोबर हाय. पर खडी लई बारीक धरलीस. तोंडापाशी मोठी घाल, न्हाय तर चार म्हैन्यात गच्च हुतंय.” मी पुस्तक उघडून पाहिले. पुस्तकातही तोंडाशी मोठी खडीच सांगितली होती. त्यांनी ते पुस्तक वाचलेले नव्हते. गटारे काढलेली होती.

मग आम्ही दोघांनी बसून अर्ज नव्याने लिहिला. कर्ते घातले. टाकी उपसण्याचे काम वस्तीकडे राहणार नाही. पंचायत ते पंप लावून करून घेईल आणि खर्च घरपट्टीबरोबर सर्व घरांवर बसेल, ज्यांचे शोषखड्डे आहेत त्यांच्यावरही. फावडे घेऊन कोणालाही आत उतरवले जाणार नाही. वाफ्याच्या कडेला केळी लागतील, त्यांचे उत्पन्न वस्तीतल्या बचत गटाला जाईल. संडासाच्या टाक्यांची तोंडे आधी बंद होतील, मग वाफ्याचे काम सुरू होईल. आणि शेवटचे कलम आण्णांनी सांगितले, मी शुद्ध भाषेत उतरवले: घाण पाण्याचा वाफा खाली होणार असेल तर चांगल्या पाण्याचा नळही आधी खाली सुटेल, मग वर.

आई म्हणाली, हे शेवटचे कलम काढा, त्याने बाकीचेही जाईल. आण्णा म्हणाले, राहू दे. मी दोन्ही बाजूंनी विचार केला आणि ते ठेवले. सरांनी अर्ज वाचून एक-दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारले, कलमांना हात लावला नाही; फक्त खडीच्या कलमापाशी ‘हे कोणी सुचवले?’ असे पेन्सिलीने लिहून ठेवले. मी त्याखाली आण्णांचे नाव लिहिले.

अर्ज पंचायतीत दिला आहे, पोच घेतली आहे. १ मेच्या ग्रामसभेपुढे तो येईल असे ग्रामसेवकांनी सांगितले. हा लेख मी फेब्रुवारीत लिहिते आहे. अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा ती सभा बहुधा होऊन गेलेली असेल. अकरांपैकी दोन शोषखड्डे झाकणांवाचून उघडेच राहिले आहेत; पुढच्या रविवारी आम्ही चौघीजणी त्यांना फरश्या बसवायला जाणार आहोत. ज्यांना यायचे असेल त्यांनी सातच्या गाडीने यावे. फावडी आमच्याकडे आहेत.